फुली म्हणजे जोडी नव्हे: अर्धगुणसूत्री विभाजनाचा भाग-१ आणि भाग-२
सूत्री विभाजन, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होणं, सगळ्यांना येतं. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, प्रत्येकाची झेरॉक्स आधीच निघालेली. मध्यावस्थेत सगळी एका रांगेत येतात, मूळ आणि झेरॉक्स सुटे होतात, दोन्हीकडे ४६-४६. झालं.

घोळ पुढे, अंडपेशी आणि शुक्रपेशी बनवणाऱ्या अर्धगुणसूत्री विभाजनात आहे. ते भाग-१ आणि भाग-२ अशा दोन टप्प्यांत होतं. ‘भाग-१ मध्ये जोड्या सुटतात आणि भाग-२ मध्ये संख्या निम्मी होते’ हे उत्तर अजूनही सर्रास लिहिलं जातं. पहिला अर्धा बरोबर, दुसरा साफ चूक. संख्या भाग-१ मध्येच निम्मी होते.

या चुकीचं मूळ पुस्तकातल्या आकृतीत गुणसूत्र दाखवणाऱ्या फुलीत आहे. ती फुली म्हणजेच जोडी, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. (वर तिला एक्स गुणसूत्र समजणारेही भेटतात, त्यांना तर हातच जोडावेत.) फुली हे एकच गुणसूत्र, गुणसूत्रबिंदूपाशी चिकटलेल्या दोन क्रोमॅटिडचं, म्हणजे मूळ आणि झेरॉक्सचं. जोडी म्हणजे आईकडून आलेली एक फुली आणि वडिलांकडून आलेली दुसरी. म्हणून मोजताना गुणसूत्रबिंदू मोजावेत, दांड्या नव्हेत. आणि गाइडवाल्यांनी सगळी गुणसूत्रं एकाच काळ्या शाईत छापणं कृपा करून थांबवावं; दोन रंगांशिवाय ही आकृती काढूच नये.

आता भाग-१ बघा. जोडीदार समोरासमोर उभे असतात. एका फुलीची दोन्ही क्रोमॅटिड एकाच ध्रुवाकडच्या, म्हणजे पेशीच्या एकाच टोकाकडे ओढणाऱ्या तंतूंना बांधलेली असतात. पश्चावस्थेत, म्हणजे ओढाओढीच्या टप्प्यात, क्रोमॅटिडना एकत्र धरून ठेवणारं कोहेसिन हे प्रथिन भुजांवरून कापलं जातं, पण गुणसूत्रबिंदूजवळचं कोहेसिन शुगोशिन नावाचं प्रथिन वाचवतं. त्यामुळे जोडी सुटते आणि फुली अख्खी जाते. प्रत्येक पेशीत २३ फुल्या. पेशी इथेच एकगुणित झाली, म्हणजे प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र तिच्यात उरलं.

दोन भागांच्या मध्ये डीएनएची नवी प्रत निघत नाही. भाग-२ मध्ये ते संरक्षण उठतं आणि फुल्या फाटतात. पेशीतली गुणसूत्रं २३ होती, नव्या पेशींतही २३च. डीएनए मात्र निम्मा होतो, आणि तेच पाहून लोक फसतात. भाग-२ला ‘निव्वळ सूत्री विभाजन’ म्हणणंही मला पटत नाही, कारण पारगती, म्हणजे भाग-१ मध्ये जोडीदारांतली तुकड्यांची अदलाबदल, होऊन गेल्यावर फुलीतली दोन क्रोमॅटिड तंतोतंत सारखी उरलेली नसतात.

हा फरक कागदावरचा नाही. शुक्रपेशी तयार होताना भाग-१ मध्ये एक्स आणि वाय हेच एकमेकांचे जोडीदार असतात. ते सुटलेच नाहीत, तर एका शुक्रपेशीत एक्स आणि वाय दोन्ही जातात आणि अंडपेशीतला एक्स मिळून मूल एक्सएक्सवाय होतं. एक्सवायवाय मुलाचं गणित वेगळं आहे. वडिलांकडे वाय एकच, मग शुक्रपेशीत दोन आले कुठून? भाग-१ बिघडून दोन वाय मिळत नाहीत. ते मिळतात भाग-२ मध्ये वायची फुली फाटूनही दोन्ही क्रोमॅटिड एकाच बाजूला गेली तर.