ग्रीक पुराणकथांतील वीरश्रेष्ठ

ग्रीक पुराणकथांतील वीरांमध्ये सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद होमरच्या महाकाव्यांइतका जुना आहे. हेराक्लीझ, अकिलीझ, थीसियस, ओडिसियस व पर्सियस ही नावे त्यात सहसा पुढे येतात. सर्व ग्रीकांना मान्य होईल असा निर्णय मात्र कधीच झाला नाही. महाकाव्यांनी एक उत्तर दिले, नगरराज्यांनी आपापल्या सोयीची उत्तरे दिली आणि पूजाविधींतून तिसरेच उत्तर निघाले.

मराठीत ‘वीर’ हा शब्द ज्यासाठी योजला जातो, तो मूळ ग्रीक शब्द ‘हीरोस’ होय. दोहोंत काहीसे ध्वनिसाम्य असले, तरी व्युत्पत्तीचे नाते नाही. संस्कृत ‘वीर’ हा ‘पुरुष’ या अर्थाच्या लॅटिन ‘विर’चा सजातीय शब्द आहे. ‘हीरोस’ची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ‘रक्षण करणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘सेर्वारे’ या क्रियापदाशी त्याचा संबंध जोडून ‘रक्षणकर्ता’ असा अर्थ पूर्वीचे अभ्यासक देत असत. मायसीनियन काळातील (ग्रीसच्या कांस्ययुगाच्या उत्तरार्धातील) रेखालिपी ‘ब’ या ग्रीक लेखनपद्धतीचा उलगडा मायकेल व्हेंट्रिस याने १९५२ मध्ये केल्यानंतर या मतापुढे अडचण उभी राहिली. पायलॉस येथील राजवाडा इ. स. पू. १२०० च्या सुमारास जळाला, तेव्हा भाजून टिकून राहिलेल्या मृत्पट्टिकांवर ‘ती-री-से-रो-ए’ असा चतुर्थ्यंत शब्द आढळतो. त्याचा अर्थ ‘त्रिवार वीराला’ असा लावतात आणि नैवेद्य स्वीकारणाऱ्या देवतांच्या यादीत त्याचा समावेश आहे. या लिपीत ‘व’ हा ध्वनी लिहिला जात असे. लॅटिन शब्दाशी नाते असते, तर तो येथे दिसावयास हवा होता, परंतु तो दिसत नाही. म्हणून हा शब्द ग्रीकांपूर्वीच्या एखाद्या भाषेतून आला असावा, हे भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट बीक्स यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. हेरा या देवीच्या नावाशी त्याचा संबंध जोडणारेही एक मत आहे. ‘हेराक्लीझ’ या नावाची फोड ‘हेरेची कीर्ती’ अशी केली जाते. जिने जन्मभर छळ केला तिचेच नाव त्याने वागवावे, ही विसंगती प्राचीन लेखकांनाही जाणवली होती.

होमरच्या काव्यात हा शब्द हयात माणसासाठी येतो आणि तो योद्ध्यापुरता मर्यादित नाही. ओडिसीत डेमोडोकस या अंध गायकालाही ‘हीरोस’ म्हटले आहे. हीसिअड या प्राचीन कवीने मानवाच्या पाच पिढ्या कल्पिल्या व त्यांपैकी चौथी वीरांची मानली. त्याने त्यांना ‘अर्धदेव’ म्हटले असून ते थीब्झ व ट्रॉय येथील युद्धांत नाश पावले, तर काहींना झ्यूसने पुण्यवंतांच्या बेटांवर वसविले, असे तो सांगतो. पुढील काळातील धार्मिक अर्थ याहून वेगळा आहे. ज्याच्या थडग्यापाशी बळी व तर्पण दिले जाते आणि जो त्या भूमीवर कृपा किंवा कोप करू शकतो असा मृत, म्हणजे वीर. सदाचरण ही त्यासाठी आवश्यक अट नव्हती.

या वीरपूजेचा उगम केव्हा झाला, याविषयी तीव्र मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एर्विन रोडे यांनी तिचे मूळ पितृपूजेत शोधले. १९२१ मध्ये एल. आर. फार्नेल यांनी वीरांचे सात वर्ग पाडून सर्वांना एकच मूळ असण्याची कल्पना नाकारली. उत्खनने वाढल्यावर असे दिसून आले, की इ. स. पू. आठव्या शतकात अनेक ठिकाणी लोक शेकडो वर्षांपूर्वीच्या मायसीनियन कबरींपाशी नव्याने अर्पणवस्तू ठेवू लागले होते. जे. एन. कोल्डस्ट्रीम यांनी १९७६ मध्ये याचा संबंध महाकाव्यांच्या प्रसाराशी जोडला. अँथनी स्नॉडग्रास यांनी त्यामागे जमिनीवर हक्क सांगू पाहणारा शेतकरी पाहिला. मात्र या अर्पणांवर बहुधा कोणाचे नाव नसते. जुन्या कबरीला दिलेला मान आणि नामांकित वीराची पूजा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणेच इष्ट होय.

यूबीया बेटावरील लेफकांडी येथे १९८१ मध्ये उजेडात आलेल्या सुमारे ४५ मी. लांबीच्या वास्तूमुळे हा वाद आणखी गुंतागुंतीचा झाला. इ. स. पू. दहाव्या शतकाच्या मध्यास तीत एका पुरुषाच्या अस्थी काशाच्या कुंभात ठेवल्या होत्या. त्यांच्याशेजारी सोन्याच्या अलंकारांसह पुरलेली स्त्री व लगतच्या खड्ड्यात चार घोडे सापडले. काहींनी हिला सर्वांत प्राचीन वीरमंदिर ठरविले. परंतु ही वास्तू लवकरच पाडून तिच्यावर मातीचा ढीग रचण्यात आला आणि नंतर तेथे नियमित पूजा चालल्याचा पुरावा नाही. म्हणून तिला भव्य दफन म्हणणे सावधपणाचे ठरेल. वीरांना पूर्णाहुती (बळी संपूर्ण जाळून टाकणे) व देवांना सहभोजनाचा यज्ञ, हा पाठ्यपुस्तकी भेदही गुनेल एक्रोथ यांच्या २००२ मधील अभ्यासानंतर शिथिल करावा लागला आहे. वीरांच्या बहुतेक यज्ञांतही मांस भक्तांमध्ये वाटून खाल्ले जात असे.

महाकाव्यांत श्रेष्ठत्वाची भाषा स्पष्ट आहे. ‘आरिस्टॉस आखाइऑन’, म्हणजे ‘अकीयनांमध्ये (ग्रीकांमध्ये) श्रेष्ठ’, ही पदवी इलिअडमध्ये मुख्यतः अकिलीझची आहे. तो रुसून बसला असेतोवर एजॅक्स श्रेष्ठ होता, अशी पुस्तीही कवी दुसऱ्या सर्गात जोडतो. ओडिसीच्या आठव्या सर्गात अकिलीझ व ओडिसियस या ‘श्रेष्ठां’च्या भांडणाचे गीत गायिले जाते. बाहुबल श्रेष्ठ की युक्ती श्रेष्ठ, हा त्या भांडणाचा आशय होता, असे प्राचीन टीकाकार सांगतात. ग्रेगरी नॉज यांनी १९७९ मध्ये या पदवीच्या आधारे दोन्ही महाकाव्ये परस्परांची जाणीव ठेवून घडली असे प्रतिपादन केले. ते सर्वमान्य नसले, तरी दुर्लक्षिता येणारे नाही.

अकिलीझच्या मृत्यूनंतर त्याची शस्त्रे कोणाला द्यावीत, हा प्रसंग तर श्रेष्ठ वीराच्या निवडीचाच होय. शस्त्रे ओडिसियसला मिळाली आणि एजॅक्सने आत्महत्या केली. न्याय कोणी केला, याविषयी परंपरेत एकवाक्यता नाही. ओडिसीत ट्रोजनांचे पुत्र व अथीना हे न्यायकर्ते आहेत, तर पिंडर या कवीच्या मते ग्रीकांनी गुप्त मतदानात ओडिसियसवर मेहेरनजर केली. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या आरंभीच्या, डूरिस या चित्रकाराच्या व्हिएन्ना येथील चषकावर अथीनेसमोर दोन ढिगांत खडे टाकून मतदान करणारे योद्धे रेखाटले आहेत.

नगरराज्यांच्या दृष्टीने वीराची योग्यता त्याच्या अस्थी कोणापाशी आहेत यावर ठरे. टेजीया या शत्रुनगरातून ॲगामेम्नॉनचा पुत्र ओरेस्टीझ याच्या अस्थी स्पार्टाने पळविल्या व त्यानंतर युद्धात यश मिळविले, असे इतिहासकार हीरॉडोटस सांगतो. त्याने दिलेली शवपेटीची लांबी सात हात आहे. अथेन्समध्ये क्लायस्थेनीझ या सुधारकाने इ. स. पू. ५०८-०७ मध्ये दहा नव्या गणांची रचना केली, तेव्हा १०० वीरांची नावे डेल्फाय येथील अपोलोच्या कौलस्थानाला धाडण्यात आली आणि तेथील पिथिया या कौल देणाऱ्या पुजारिणीने त्यांतून दहा निवडली. ग्रीक इतिहासात वीरांच्या औपचारिक निवडीचे यापेक्षा ठळक उदाहरण नाही. त्या दहांत थीसियस नव्हता व हेराक्लीझही नव्हता. पहिल्याचा पिता ईजियस व पुत्र अकॅमस आणि दुसऱ्याचा पुत्र अँटायोकस यांना मात्र स्थान मिळाले. सॅलमिसचा एजॅक्स परका असूनही शेजारी व मित्र म्हणून घेतला गेला.

थीसियसचे महत्त्व अथेन्समध्ये इ. स. पू. सहाव्या शतकाच्या अखेरीपासून वाढत गेले. डेल्फाय येथील अथेनियन कोषागारावर त्याचे व हेराक्लीझचे पराक्रम एकत्र कोरलेले आहेत. प्रवासवर्णनकार पॉसेनिअसच्या म्हणण्याप्रमाणे ही इमारत मॅरॅथॉनच्या लढाईनंतरची, म्हणजे इ. स. पू. ४९० नंतरची असली, तरी शिल्पशैलीवरून काही अभ्यासक ती थोडी आधीची मानतात. इ. स. पू. ४७५ च्या सुमारास अथेन्सचा सेनानी सायमन याने स्कायरॉस बेटावरून थीसियसच्या म्हणून समजल्या गेलेल्या अस्थी समारंभपूर्वक आणल्या. ‘हा दुसरा हेराक्लीझ’ ही म्हण त्याच्याविषयी रूढ झाल्याचे चरित्रकार प्लूटार्क नोंदवितो. तुलनेचे माप कोणाचे होते, हे त्या म्हणीतच दिसते. आयसॉक्रेटीझ या वक्त्याने हेराक्लीझची कृत्ये अधिक थोर व थीसियसची ग्रीकांना अधिक उपयुक्त, असा निवाडा केला आहे. वक्ता अथेन्सचा होता, हे येथे लक्षात ठेवावे.

हेराक्लीझचा दावा वेगळ्या प्रकारचा आहे. ईटा पर्वतावर त्याने चितेवर देह ठेवला. त्याचे थडगे कोठेही दाखविले जात नसे. ज्या पूजेचा आधारच थडगे होता, तीत हा अपवाद विलक्षण होय, आणि कोणत्याही एका नगराला त्याच्यावर मक्तेदारी सांगता आली नाही, याचे कारणही बहुधा तेच असावे. पिंडरने त्याला ‘वीरदेव’ म्हटले. त्याची दोन मंदिरे बांधून एकात अमर देव म्हणून यज्ञ करणारे व दुसऱ्यात मृत वीर म्हणून बळी देणारे ग्रीकच योग्य वागतात, असा अभिप्राय टायर व थासॉस येथील देवालये पाहून आलेल्या हीरॉडोटसने दिला आहे. काव्यात ही द्विधा स्थिती सहज मिटली नाही. इलिअडच्या अठराव्या सर्गात अकिलीझ म्हणतो, की झ्यूसचा लाडका हेराक्लीझही मृत्यूतून सुटला नाही. ओडिसीच्या अकराव्या सर्गात मात्र पाताळात त्याची केवळ छाया आहे आणि तो स्वतः देवांमध्ये हीबी या तारुण्यदेवतेसह सुखात आहे. या ओळी प्राचीन टीकाकारांना प्रक्षिप्त वाटत व त्या ओनोमॅक्रिटस या अथेन्समधील भविष्यवाणी-संग्राहकाने घुसडल्या असे सांगितले जाई. प्रक्षेप मान्य केला तरी, त्याचे दैवतीकरण महाकाव्यांच्या मूळ रचनेनंतर प्रस्थापित झाले, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

त्याच्या पराक्रमांची बारा ही संख्याही आरंभापासून स्थिर नव्हती. ऑलिंपिया येथील झ्यूस मंदिराच्या बारा शिल्पपट्टांवर ती इ. स. पू. ४६० च्या सुमारास स्पष्ट दिसते. अपोलोडोरसच्या नावावरील पुराणकथांच्या ग्रंथात मूळ कामे दहाच असून ती सांगणारा राजा यूरिस्थियस याने दोन अमान्य केल्यामुळे ती बारा झाली, असा खुलासा आहे. अलेक्झांडर पित्याकडून हेराक्लीझचा व मातेकडून अकिलीझचा वंशज म्हणवून घेई. ट्रॉयजवळ त्याने इ. स. पू. ३३४ मध्ये अकिलीझच्या थडग्याला मान दिला, परंतु त्याच्या चांदीच्या नाण्यांवर सिंहचर्म पांघरलेला हेराक्लीझच आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या काळी भारतात आलेल्या मीगॅस्थिनीझने शूरसेनांच्या देशात, मेथोरा नगरात हेराक्लीझची पूजा होते असे लिहिले. मेथोरा म्हणजे मथुरा व हा हेराक्लीझ म्हणजे कृष्ण, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

पर्सियस हा वंशावळीत हेराक्लीझचा पणजोबा असून त्याची कथा प्राचीन आहे, पण त्याची पूजा मर्यादित राहिली. जेसनबाबतही तसेच म्हणता येईल. वीरांगनांपैकी स्पार्टाजवळील थेरॅप्ने येथील हेलेनची पूजा चांगली ज्ञात आहे.

‘वीर’ ही पदवी कालांतराने स्वस्त होत गेली. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या आरंभी ॲस्टिपॅलिया येथील क्लिओमीडीझ या मुष्टियोद्ध्याने वेडाच्या भरात शाळेचा खांब पाडून सुमारे ६० मुलांचा बळी घेतला आणि तो नाहीसा झाला; त्यावर ‘हा शेवटचा वीर’ असा कौल डेल्फायने दिल्याचे पॉसेनिअस सांगतो. पण तो शेवटचा ठरला नाही. इ. स. पू. ४२२ मध्ये ॲम्फिपोलिसच्या लोकांनी स्पार्टाचा सेनापती ब्रॅसिडस याला वीर म्हणून पुजण्यास आरंभ केला, आणि हेलेनिस्टिक (अलेक्झांडरनंतरच्या) व रोमन काळांतील अनेक थडग्यांवर सामान्य मृतांच्या नावापुढेही ‘हीरोस’ असे कोरलेले आढळते.