जॉश गिब्सनची .३७२ : बेसबॉलच्या एका विक्रमामागची पार्श्वभूमी

२९ मे २०२४ रोजी अमेरिकी बेसबॉलच्या अधिकृत नोंदींमध्ये कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीच्या यादीत टाय कॉब पहिल्यावरून दुसऱ्या क्रमांकावर आला. त्याची .३६७ ही सरासरी (म्हणजे फलंदाजीच्या दर हजार खेपांत ३६७ हिट; चेंडू मारून बेस गाठला की एक हिट) जवळजवळ शतकभर अव्वल मानली जात होती. आता तिच्या वर जॉश गिब्सन या कृष्णवर्णीय खेळाडूची .३७२ आहे. एका मोसमातल्या सर्वोच्च सरासरीचा विक्रमही गिब्सनकडे आला. ह्यू डफीने १८९४ मध्ये .४४० ची सरासरी राखली होती. गिब्सनची १९४३ मधली .४६६ तिच्या पुढे गेली. कारकिर्दीतल्या स्लगिंगमध्ये, म्हणजे फटका किती बेसचा होता हे धरून काढलेल्या सरासरीत, बेब रूथच्या .६९० ला त्याच्या .७१८ ने मागे टाकले.

गिब्सन २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिलला कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघाकडून मैदानात उतरला आणि मेजर लीगमधली, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवरची, वर्णबंदी मोडली. गिब्सनला मेजर लीगमध्ये एकही सामना खेळू दिला गेला नव्हता. मग मृत्यूनंतर सत्त्याहत्तर वर्षांनी तो तिथला विक्रमवीर कसा झाला? बातमी आली तेव्हा बहुतेकांचे लक्ष कृष्णवर्णीयांच्या जुन्या लीगचे आकडे अधिकृत नोंदींमध्ये मिसळल्याच्या २०२४ च्या घोषणेवर होते. मला मात्र या प्रकरणाचा गाभा १९६९ मध्ये दिसतो.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. सुरुवातीला ही बंदी पक्की नव्हती. १८८४ मध्ये टोलेडोच्या संघातून मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर ४२ सामने खेळला, आणि त्याच्या संघाची लीग आजही मेजर लीग म्हणूनच मोजली जाते. पुढे १८८७ मध्ये एका महत्त्वाच्या दुय्यम लीगने कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार न करण्याचा ठराव केला. वरच्या लीगमध्ये तर ठरावाचीही गरज पडली नाही, मालकांचे आपसात ठरलेले होते. फेब्रुवारी १९२० मध्ये शिकागोच्या एका माजी पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या) पुढाकाराने कृष्णवर्णीय संघमालक कॅन्सस सिटीत जमले आणि त्यांनी स्वतःची लीग उभी केली. १९४८ पर्यंत अशा एकूण सात लीग झाल्या. त्या काळच्या नावाने त्यांना निग्रो लीग म्हणतात.

आता १९६९ कडे येऊ. व्यावसायिक बेसबॉलची शताब्दी जवळ आली होती आणि खेळाचा पहिला मोठा संगणकीकृत आकडेकोश तयार होत होता. जुन्या नोंदी विस्कळीत होत्या, नियम वर्षागणिक बदललेले होते. त्यांचा निवाडा करण्यासाठी पाच जणांची समिती नेमली गेली. पाचही गोरे होते. कोणत्या लीग मेजर मानायच्या हा त्यांच्यापुढचा मुख्य प्रश्न होता. त्यांनी सहा लीग निवडल्या: आज चालू असलेल्या दोन आणि इतिहासजमा झालेल्या चार. निग्रो लीगवर काट मारली गेली, असेही घडले नाही. त्यांचा विचारच झाला नाही. ज्या लीगची नावे यादीत आली त्यांच्यावर चर्चा झाली, ज्यांची आली नाहीत त्यांच्यावर ओळभरही नाही. नकार दिला असता तर निदान कारणे लिहावी लागली असती आणि ती कारणे पुढे तपासता आली असती.

समितीने घेतलेल्या चार जुन्या लीगपैकी एक पाहिली की हे अधिक खुपते. युनियन असोसिएशन ही १८८४ चा एकच मोसम चालली. तिचा संस्थापक सेंट लुईसच्या संघाचाही मालक होता, आणि त्याच्या संघाने ९४ सामने जिंकले, १९ हरले. बाकीचे संघ येत-जात राहिले. अल्टूनाचा संघ २५ सामन्यांनंतर बंद पडला. सेंट पॉलचा संघ अवघे नऊ सामने खेळला, त्यातला एकही स्वतःच्या गावात नाही. सेंट लुईसच्या फ्रेड डनलॅपने त्या मोसमात .४१२ ची सरासरी काढली. त्याआधी आणि नंतर तो त्या आकड्याच्या जवळपासही पोचला नाही, तरी ती .४१२ मेजर लीगची म्हणून अधिकृत नोंदींमध्ये राहिली. बारा वर्षे चाललेल्या आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात) गेलेले कितीतरी खेळाडू ज्यांनी घडवले अशा लीग मात्र बाहेर.

समिती आळशी होती असे कोणी म्हणू शकणार नाही. १९२० पूर्वीच्या नियमानुसार शेवटच्या डावात विजयी धाव पूर्ण झाली की खेळ तिथेच थांबे. चेंडू प्रेक्षकांत गेलेला असला तरी ती धाव पुरी व्हायला जेवढे बेस लागत तेवढ्याचेच श्रेय फलंदाजाला मिळे. समितीने अशा ३७ जुन्या फटक्यांवर खल केला. त्यात जुलै १९१८ मधला रूथचाही एक होता, ज्याला होमरनऐवजी (चारही बेसच्या फटक्याऐवजी) ट्रिपल (तीन बेसचा) दिला गेला होता. आधी ठरले की हे सगळे होमरन धरायचे, म्हणजे रूथचे ७१४ चे ७१५ झाले असते. मग ओरड झाली आणि समितीने निर्णय फिरवला. रूथच्या एका फटक्यासाठी दोनदा विचार करणाऱ्या लोकांपुढे निग्रो लीगमधल्या गिब्सन, ऑस्कर चार्ल्सटन, सॅचेल पेज यांची नावे आली नाहीत, आणि ती माहीत नव्हती असेही म्हणता येत नाही. तीनच वर्षांपूर्वी, १९६६ मध्ये, टेड विल्यम्सने हॉल ऑफ फेममधल्या सन्मानाच्या भाषणात पेज आणि गिब्सन यांची नावे घेऊन त्यांनाही इथे स्थान मिळावे असे सांगितले होते. १९७१ मध्ये पेजला आणि १९७२ मध्ये गिब्सनला तिथे जागा मिळाली. पेजच्या वेळी आधी वेगळ्या दालनाची भाषा झाली होती. टीका झाल्यावर ती सोडून देण्यात आली. म्हणजे माणूस सन्मानाला पात्र ठरला, पण ज्या सामन्यांमुळे ठरला ते सामने अधिकृत नोंदींमध्ये नाहीत, ही विसंगती पुढे अर्धशतक चालली.

कोणता सामना कोणत्या दर्जाचा हे मागाहून ठरवणे क्रिकेटवाल्यांना नवे नाही. १८८८-८९ मध्ये इंग्रज संघ दक्षिण आफ्रिकेत जे दोन सामने खेळला ते कसोटी असल्याचे नंतर ठरले, आणि मैदानावरच्या खेळाडूंना आपण कसोटी खेळतो आहोत याचा पत्ता नव्हता.

आकडे एकदा छापले गेले की त्यांना पावित्र्य येते, याचे चांगले उदाहरण खुद्द कॉबच्या .३६७ मध्ये आहे. १९१० मध्ये कॉब आणि नॅप लाजोये यांच्यात सरासरीची चुरस होती; जिंकणाऱ्याला मोटार मिळणार होती. शेवटच्या दिवशी सेंट लुईसच्या संघाने तिसऱ्या बेसवरचा खेळाडू मुद्दाम मागे उभा करून लाजोयेला सोपे हिट मिळू दिले. तरीही कॉबच पुढे ठरला. कित्येक दशकांनी संशोधकांनी दाखवून दिले की त्या वर्षी कॉबचा एक सामना चुकून दोनदा मोजला गेला होता. चूक दुरुस्त केली तर १९१० चा मान लाजोयेकडे जातो, कॉबचे हिट ४,१९१ वरून ४,१८९ होतात आणि कारकिर्दीची सरासरी .३६६ वर येते. १९८१ मध्ये तेव्हाच्या आयुक्तांनी दुरुस्ती नाकारली. १९८५ मध्ये पीट रोझने ४,१९२ वा हिट मारून कॉबला मागे टाकले तो सोहळा जुन्याच आकड्याच्या हिशोबाने झाला. निग्रो लीगच्या आकड्यांच्या अचूकतेबद्दल शंका घेणाऱ्यांनी हे प्रकरण आधी वाचावे.

त्या लीगचे आकडे कमी पडतात हे मात्र खरे आहे. बहुतेक संघांकडे स्वतःचे मैदान नव्हते. गिब्सनचा होमस्टेड ग्रेज हा संघ पिट्सबर्ग आणि वॉशिंग्टनची मोठी मैदाने गोरे संघ दौऱ्यावर असताना भाड्याने घेई. गोऱ्यांची वर्तमानपत्रे या सामन्यांची फारशी दखल घेत नसत. कृष्णवर्णीयांची बरीचशी वर्तमानपत्रे साप्ताहिके होती. जागा थोडी आणि बातमी पाठवणे संघांवर अवलंबून. कुठे बॉक्स स्कोअर (सामन्याचा खेळाडूवार तक्ता) छापून आला पण त्यात कोण किती वेळा फलंदाजीला आला हेच नाही, कुठे नुसता निकाल. शिवाय पोट भरण्यासाठी हे संघ गावोगाव फिरून स्थानिक संघांशी शेकडो सामने खेळत. ते लीगचे सामने नव्हते, त्यामुळे ते मोजले जात नाहीत.

हा पसारा एकत्र केला तो मुख्यतः हौशी संशोधकांनी. जुन्या अंकांची मायक्रोफिल्म सामन्यागणिक तपासत, दोन-तीन वर्तमानपत्रांतले आकडे एकमेकांशी ताडून पाहत त्यांनी अनेक वर्षे हे काम केले. २००० नंतर खेळाच्या प्रशासनाकडून काही पैसा मिळाला आणि त्यातूनच २००६ मध्ये कृष्णवर्णीय बेसबॉलमधल्या १७ जणांना एकाच वेळी हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. पण निग्रो लीगचे आकडे इंटरनेटवर खुले झाले ते या माणसांच्या चिकाटीने, आणि २०२४ च्या नोंदी त्यांच्याच पायावर उभ्या आहेत. घोषणांच्या गर्दीत हे श्रेय फार मागे राहिले, याचे मला वाईट वाटते.

डिसेंबर २०२० मध्ये सातही लीगना मेजर लीगचा दर्जा जाहीर झाला आणि सुमारे ३,४०० खेळाडू त्या कक्षेत आले. आकडे प्रत्यक्ष मिसळायला आणखी साडेतीन वर्षे लागली. सतरा जणांच्या समितीने काय धरायचे आणि काय नाही ते ठरवले. १९२० ते १९४८ या काळातल्या लीग सामन्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश सामन्यांची माहिती तोवर हाती आली होती.

मुख्य आक्षेप सामन्यांच्या संख्येवर होता. गोऱ्यांच्या लीगचा मोसम १५४ सामन्यांचा, तर निग्रो लीगचा साधारण साठ ते ऐंशी. कमी सामन्यांत मोठी सरासरी टिकवणे सोपे, हे गणित बरोबरच आहे. कॉब अकरा हजारांहून अधिक वेळा फलंदाजीला आला, गिब्सनच्या नोंदलेल्या खेपा दोन-अडीच हजारांच्या घरात आहेत. समितीला कारकिर्दीच्या यादीसाठी पात्रतेची किमान मर्यादा निग्रो लीगपुरती खाली आणावी लागली. पण दर्जा जाहीर झाला त्याच वर्षी, कोविडमुळे, मेजर लीगचा मोसम साठ सामन्यांवर आला होता आणि त्या साठ सामन्यांतले अव्वल फलंदाज बिनतक्रार अव्वल धरले गेले.

दुसरा आक्षेप स्पर्धेच्या दर्जाचा. १९४३ मध्ये युद्धामुळे अनेक चांगले खेळाडू सैन्यात होते, म्हणून गिब्सनची .४६६ फुगलेली, असे म्हटले गेले. गोऱ्यांच्या लीगची स्थिती तीच होती. १९४५ मध्ये सेंट लुईसकडून एक हात नसलेला खेळाडू ७७ सामने खेळला आणि त्या मोसमाचा प्रत्येक आकडा अधिकृत आहे. शिवाय १९४७ पूर्वीच्या कोणत्याही गोऱ्या फलंदाजाने आपल्या काळातले सगळे उत्तम पिचर लीगमध्ये पाहिलेच नव्हते. पेजचा चेंडू रूथला लीग सामन्यात कधी खेळावा लागला नाही. दर्जाचा प्रश्न काढायचा तर दोन्ही बाजूंना लावावा लागेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. तो काही कृष्णवर्णीय अभ्यासकांनीच घेतला. ज्यांनी दार बंद केले त्यांनीच आता तुम्ही आमच्या तोडीचे होता असे प्रमाणपत्र द्यावे, आणि त्यासाठी आभार मानावेत, हे त्यांना मान्य नव्हते. त्या लीग मेजर झाल्या २०२० मध्ये नव्हे, त्या पहिल्यापासून तशा होत्या, असे त्यांचे म्हणणे. हे बरोबर आहे. तरीही आकडे एका यादीत यायला हवे होते असेच मी म्हणेन, कारण शाळकरी मुलगा यादी उघडतो तेव्हा तिच्याखालची तळटीप वाचत नाही.

नव्या रेषेनेही काही जण बाहेर ठेवले. १९४८ नंतर चांगले खेळाडू मेजर लीगकडे जाऊ लागले आणि निग्रो लीगचा कस उतरला, म्हणून तिथे मर्यादा आखली गेली. त्यामुळे हँक ॲरनचा १९५२ चा तिथला खेळ धरलेला नाही आणि त्याचे होमरन ७५५ च राहिले. जॅकी रॉबिन्सनच्या खात्यात मात्र १९४५ मधले कॅन्सस सिटीचे ४९ हिट जमा झाले. १,५१८ चे १,५६७ झाले. खुद्द गिब्सनला एका बाबतीत तोटाच झाला म्हणायचा. हॉल ऑफ फेममधल्या त्याच्या फलकावर लीग आणि लीगबाहेरचे मिळून जवळपास ८०० होमरन असे कोरले आहे. अधिकृत नोंदींमध्ये मात्र लीग सामन्यांतलेच धरल्याने ते दोनशेच्या आत आहेत. ही काटेकोर मोजणी पाहिल्यावर कोणी आकडे दान केले असा आरोप टिकत नाही.

मोजणी अजून संपलेली नाही. नवा बॉक्स स्कोअर सापडला की आकडे बदलतील, गिब्सनची .३७२ देखील वरखाली होऊ शकते. विली मेजला १९४८ च्या बर्मिंगहॅमच्या मोसमातले १० हिट मिळाले आणि त्याचे एकूण ३,२९३ झाले. पुढच्याच महिन्यात, १८ जून २०२४ रोजी, तो ९३ व्या वर्षी गेला. त्या मोसमात त्याने एक होमरनही मारला होता, पण त्या सामन्याचा बॉक्स स्कोअर न सापडल्याने तो धरलेला नाही आणि त्याच्या नावापुढे आजही ६६० होमरनच आहेत.