परिसराच्या चवीची जिन: छोट्या डिस्टिलरीचा परवाना, पात्रता आणि कागदपत्रं

डोंगरउतारावरची रानफुलं, खाडीकाठच्या वनस्पती, जुन्या बागेतल्या लिंबांची सालं घेऊन आपल्या परिसराची ओळख सांगणारी जिन काढावी, असं अनेकांच्या मनात असतं. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त मद्यार्क: आत किती लिटर आला, बाहेर किती गेला, मधे किती उडाला आणि शुल्क कोणी भरलं. याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याचं कामच ते आहे.

म्हणून पहिल्या दिवसापासून दोन फायली करा. एक मद्यार्काची, दुसरी वनस्पतींची. पहिली उत्पादन शुल्क खात्याकडे जाते. दुसरी जमीनमालक, वन किंवा पर्यावरण खातं आणि अन्नसुरक्षा यंत्रणा यांच्याकडे. रानफुलांचं कौतुक पहिल्या फायलीत घुसलं, की छाननीत नको ते प्रश्न निघतात. दुसरी फाइल केलीच नाही, तर परवाना हातात असूनही बाटली बाजारात जात नाही.

कोणाचा कायदा लागतो

भारतात मद्य हा राज्यांचा विषय आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत ८ व्या नोंदीत मद्याचं उत्पादन आणि विक्री येते, तर ५१ व्या नोंदीत त्यावरचं शुल्क. त्यामुळे एका राज्यातल्या ओळखीच्या माणसाचा जुना अर्ज दुसऱ्या राज्यात उपयोगी पडत नाही. ब्रिटनमध्ये हे काम महसूल आणि सीमाशुल्क खात्याकडे असतं. अमेरिकेत मद्य-तंबाखू कर ब्युरोची केंद्रीय मंजुरी लागते आणि त्याशिवाय राज्याचा परवाना वेगळा. खाती वेगळी असली तरी विचारले जाणारे प्रश्न जवळपास तेच असतात.

आधी हे ठरवा: मद्यार्क बनवणार की विकत घेणार?

परवान्याचा प्रकार या एका उत्तरावर ठरतो. धान्य किंवा मळी आंबवून, ऊर्ध्वपातन करून स्वतःचा मद्यार्क काढायचा असेल, तर तुम्ही पूर्ण अर्थाने उत्पादक ठरता. किण्वनाच्या टाक्या, मोठं सांडपाणी, पर्यावरणाची कडक मंजुरी हे सगळं मागोमाग येतं. दुसरा मार्ग म्हणजे तयार न्यूट्रल (स्वतःची खास चव नसलेला) मद्यार्क परवानाधारक पुरवठादाराकडून घ्यायचा, त्यात जुनिपर (जिनला तिची मूळ चव देणारं झुडपाचं फळ) आणि बाकीच्या वनस्पती घालून तो पुन्हा भट्टीवर चढवायचा. छोट्या जिनवाल्यांमध्ये हा दुसरा मार्ग सर्रास वापरला जातो आणि त्यात कमीपणा काहीच नाही. जिनची चव घडते ती दुसऱ्या ऊर्ध्वपातनात.

ब्रिटनच्या १९७९ च्या मद्य शुल्क कायद्यात या दोन कामांसाठी वेगवेगळे परवाने ठेवले होते: एक डिस्टिलरचा, म्हणजे मद्यार्क बनवणाऱ्याचा, दुसरा रेक्टिफायरचा, म्हणजे तयार मद्यार्क पुन्हा ऊर्ध्वपातित करणाऱ्याचा. अमेरिकेत एकाच नोंदणीत उत्पादन, साठवण आणि प्रक्रिया यांपैकी कोणती कामं करणार, ते नमूद करावं लागतं. अर्ज लिहिताना 'पुढेमागे व्हिस्कीही करू' म्हणून सगळ्याच चौकटींवर खुणा करू नका. प्रत्येक खुणेमागे एक तपासणी वाढते.

भट्टीचा आकारही आधीच पाहा. त्याच १९७९ च्या कायद्यात सर्वांत मोठी भट्टी १,८०० लिटरपेक्षा लहान असेल, तर डिस्टिलरचा परवाना नाकारण्याची किंवा अटी घालून देण्याची मुभा होती. लंडनच्या सिपस्मिथने २००९ मध्ये छोट्या तांब्याच्या भट्टीसाठी परवाना मिळवला, तेव्हा इतरांनाही वाट मोकळी झाली. तुमच्याकडे किमान आकाराची, किमान वार्षिक उत्पादनाची किंवा किमान भूखंडाची अट आहे का, हे लेखी विचारा. भट्टीची आगाऊ रक्कम त्यानंतर भरा.

आणि एक धोक्याची सूचना. 'अर्ज मंजूर होईपर्यंत घरीच छोट्या भट्टीवर पाककृती बसवू' हा विचार सोडून द्या. बहुतेक देशांत परवान्याशिवाय घरी ऊर्ध्वपातन करणं गुन्हा आहे, मद्यार्क शुल्क भरून आणलेला असला तरी. न्यूझीलंडने १९९६ पासून स्वतःपुरतं काढायला मोकळीक दिली, पण विक्रीला तिथेही परवाना लागतो. चाचण्या परवाना असलेल्या एखाद्या डिस्टिलरीत करारावर करून घ्या. त्यांची कागदपत्रं पुढे तुमच्या अर्जालाही जोडता येतात.

अर्जदाराची पात्रता

इथे फार गुंतागुंत नाही. कायद्याने ठरवलेलं वय, फौजदारी पार्श्वभूमी स्वच्छ असणं, कराची थकबाकी नसणं आणि पैसा कुठून आला याचा खुलासा, एवढं पुरतं. कंपनी किंवा भागीदारी असेल तर मोठा हिस्सा असलेल्या प्रत्येकाची माहिती लागते. पडद्यामागच्या मित्राने भांडवल दिलं असेल, तर त्याचं नाव स्वतःहून लिहा. नंतर सापडलं, तर अर्ज नामंजूर व्हायला तेवढं एकच कारण पुरतं. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, कंपनीची नोंदणी, बँकेची विवरणं, करनोंदणी ही नेहमीची जोडपत्रं. नाव आणि पत्ता सगळ्या कागदांवर अक्षरशः सारखे हवेत.

जागा आणि नकाशा

माझ्या मते अर्जाचा निम्मा भार नकाशावर असतो. भाडेकरारात 'मद्यार्काचं ऊर्ध्वपातन आणि साठवण' हा वापर स्पष्ट लिहून घ्या. नुसतं 'औद्योगिक वापर' पुरत नाही. जमिनीचा मंजूर वापर, शाळा किंवा प्रार्थनास्थळापासूनचं अंतर, ग्रामसंस्था वा नगरपालिकेचं ना हरकत, हे त्या त्या ठिकाणच्या नियमांप्रमाणे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार राहत्या घरात, किंवा घराला जोडलेल्या शेडमध्ये वा अंगणातही डिस्टिलरी चालत नाही. घराच्या मागच्या गोठ्यात जिन काढण्याचं स्वप्न तिथेच संपतं.

नकाशात मद्यार्काचा प्रवास एका रेषेत दिसला पाहिजे: टाकी उतरवण्याची जागा, कुलपाचं गोदाम, भट्टी, संग्रहपात्र, पाणी मिसळण्याची टाकी, बाटलीबंद विभाग, तयार मालाचं गोदाम. प्रत्येक भांड्याला क्रमांक आणि त्याची मोजलेली क्षमता. नळ्या, झडपा, कुलपं आणि मोजमाप कुठे घेणार, हेही दाखवायचं. शुल्क भरलेला आणि न भरलेला माल एकाच दाराने जात असेल, तर पाहणीला येणारा माणूस नेमका त्याच दारापाशी थांबेल.

अग्निशमनाची मंजुरी वेगळी घ्यावी लागते, आणि इथे काटकसर नको. ९६ टक्क्यांचा मद्यार्क खोलीच्या साध्या तापमानालाही पेट घेईल इतकी वाफ सोडतो. ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. म्हणून हवेची खेळती वाट खालच्या बाजूलाही हवी, दिवे आणि मोटारी ठिणगी न पडणाऱ्या, टाक्यांना अर्थिंग, आणि सांडलेला मद्यार्क गटारात न जाता अडेल असा बांध. विमावाला हेच सगळं पुन्हा विचारतो, त्यामुळे त्याला आराखड्याच्या वेळीच बोलवा.

थेंबाथेंबाचा हिशेब

मद्याचं शुल्क बऱ्याच ठिकाणी शुद्ध मद्यार्काच्या लिटरवर आकारतात. समजा ९६ टक्क्यांचा १०० लिटर मद्यार्क आला, म्हणजे ९६ लिटर शुद्ध मद्यार्क. ऊर्ध्वपातनानंतर जिनसाठी ९० लिटर शुद्ध मद्यार्क राखला, तर ४२ टक्क्यांची साधारण २१४ लिटर जिन होते, म्हणजे ७०० मिलिलिटरच्या ३०६ बाटल्या. उरलेले ६ लिटर कुठे गेले? सुरुवातीचा आणि शेवटचा भाग बाजूला काढला असेल, काही वनस्पतींच्या चोथ्यात राहिला असेल, काही उडाला असेल. यातला प्रत्येक आकडा नोंदवहीत लागतो. बाजूला काढलेल्या भागातही मद्यार्क असतोच, तो पुन्हा वापरला, परत पाठवला की नष्ट केला, हेही लिहायचं.

अर्जासोबत या नोंदवहीचा नमुना, तपमापक आणि मद्यार्कमापकाची प्रमाणपत्रं, आणि अपेक्षित घटीचं कारणासह टिपण जोडा. मोजमाप कोणत्या तापमानाला धरायचं, तेही पाहा. युरोपात २० अंश सेल्सिअस, अमेरिकेत ६० अंश फॅरनहाइट. पाणी आणि मद्यार्क मिसळले की एकूण आकारमान थोडं आकसतं, त्यामुळे साध्या बेरजेने केलेलं गणित पाहणीत चुकतं. तक्ते वापरा.

शुल्क न भरता माल गोदामात ठेवायचा असेल, तर बहुतेक ठिकाणी बाँड (शुल्क भरण्याचं हमीपत्र) किंवा बँकहमी लागते. अमेरिकेत वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत शुल्क भरणाऱ्या छोट्यांना २०१७ पासून बाँडमधून सूट आहे. अशी सूट तुमच्याकडे आहे का, ते विचारा, कारण हमीत अडकलेला पैसा छोट्या धंद्याला फार जड जातो.

वनस्पतींची फाइल

परिसर येतो तो इथे. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची 'द बोटॅनिस्ट' जिन बेटावरच वेचलेल्या २२ वनस्पती वापरते. हे वाचून पिशवी घेऊन रानात निघण्याआधी वेचण्याचा हक्क तपासा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या चोरीविषयक कायद्यानुसार रानातली फुलं, फळं, पाला स्वतःसाठी तोडणं चोरी ठरत नाही, पण तेच विक्रीसाठी तोडलं तर ठरू शकतं. १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीवाचून कोणतीही रानवनस्पती मुळासकट उपटता येत नाही. भारतात वनोपज आणि जैवविविधता कायदा २००२ हे दोन्ही पाहावे लागतात. म्हणजे लेखी परवानगी, वेचण्याचा हंगाम, अंदाजे किलो आणि नकाशावर जागा, असं एक पान प्रत्येक वनस्पतीसाठी करा. दुर्मिळ झाडाला हात न लावता ते लागवडीतून मिळवणं केव्हाही बरं. खुद्द जुनिपर ब्रिटनच्या डोंगरांवर रोगामुळे घटत चाललं आहे.

दुसरा प्रश्न, ती वनस्पती खाण्यायोग्य आहे का. प्रत्येकीचं शास्त्रीय नाव लिहा, स्थानिक नावावर विसंबू नका. जिनचं जुनिपर म्हणजे जुनिपेरस कम्युनिस. त्याच कुळातलं जुनिपेरस सबिना विषारी आहे. युरोपात १५ मे १९९७ पूर्वी लक्षणीय प्रमाणात खाल्ली न गेलेली वनस्पती 'नवीन अन्न' धरली जाते आणि तिला वेगळी मंजुरी लागते. आपल्या घरगुती औषधांतलं वेखंड अमेरिकेत अन्नात घालायला बंदी आहे. 'आजी वापरायची' हा पुरावा कोणत्याच फायलीत चालत नाही.

नाव आणि लेबल

कोणत्या बाजारात विकणार, त्याप्रमाणे 'जिन' शब्दाची व्याख्या बदलते. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमानुसार किमान ३७.५ टक्के मद्यार्क आणि चवीत जुनिपरचं प्राबल्य हवं. अमेरिकेत किमान ४० टक्के. भारताच्या अन्नसुरक्षा मानकांत ऊर्ध्वपातित मद्यांसाठी ३६ ते ५० टक्के. रानफुलांच्या नादात जुनिपर मागे पडलं, तर कायद्याने ती जिन उरत नाही. 'लंडन जिन' लंडनबाहेरही बनते, पण तिच्यात चव फक्त पुनर्ऊर्ध्वपातनातूनच यायला हवी. नंतर फुलं भिजवून रंग आणला, की ते नाव गेलं.

गावाचं किंवा डोंगराचं नाव बाटलीवर घालायचं असेल, तर नुसत्या स्थळनामाची नाममुद्रा (ट्रेडमार्क) सहसा मिळत नाही. त्याला वेगळा शब्द जोडा आणि नाममुद्रांच्या वर्ग ३३ मध्ये, म्हणजे मद्यांच्या वर्गात, शोध घ्या. मद्यार्क बाहेरून आणलेला असताना लेबल 'इथेच जन्मलेली' म्हणत असेल, तर दिशाभूल ठरू शकते. 'इथल्या वनस्पतींसह इथे ऊर्ध्वपातित' एवढं खरं आणि पुरेसं आहे. बाटलीचा आकारही आधी ठरवा: युरोपात ७०० मिलिलिटर चालते, ७५० चालत नाही.

क्रम आणि त्यानंतरचं

आधी खात्याशी तोंडी चर्चा आणि तिचं लेखी टिपण, मग 'परवाना मिळाल्यास' या अटीवरचा भाडेकरार, मग अग्निशमन आणि सांडपाणी, त्यानंतर मुख्य अर्ज. पाहणी होऊन त्रुटी निघतील. उत्तर मुदतीत आणि मुद्देसूद द्या, प्रत्येक पानाची पोच घ्या. उत्पादनाचा परवाना आला म्हणजे विक्रीचा आला असं नाही. घाऊक, किरकोळ आणि पाहुण्यांना चव देण्याची खोली, यांना बऱ्याच ठिकाणी स्वतंत्र मंजुऱ्या लागतात.

काम सुरू झाल्यावर ठरलेल्या तारखेला विवरणपत्र जातं, त्या महिन्यात भट्टी पेटली नसली तरी, शून्य लिहून. नवी टाकी आणली, भागीदार बदलला, भट्टी दोन हात सरकवली, तर ते आधी कळवायचं आणि नकाशा दुरुस्त करून द्यायचा.