बीएसडीची भाऊबंदकी

पुण्यात ‘ओपन सोर्स’, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर, म्हटलं की लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीमच डोळ्यांपुढे येते. नव्वदच्या दशकात संगणक-मासिकांबरोबर लिनक्सच्या सीडी घरी येऊ लागल्या, पुढे सिम्बायोसिसमध्ये ‘जीनुनिफाय’ हे संमेलन भरायला लागलं, २०११ मध्ये सीओईपीत फेडोरा या लिनक्स-आवृत्तीचं ‘फडकॉन’ संमेलन झालं. बीएसडीचं, म्हणजे बर्कली विद्यापीठात घडलेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या आवृत्तीचं, नाव मात्र इथे क्वचितच निघतं. खरं तर हे घराणं लिनक्सपेक्षा जुनं.

ते मागे पडलं ते कोर्टकचेरीमुळे. १९९२ मध्ये जोलिट्झ दांपत्याने बर्कलीचं युनिक्स ‘३८६बीएसडी’ या नावाने इंटेलच्या ३८६ चिपवर आणलं आणि त्याच वर्षी एटीअँडटीच्या युनिक्स कंपनीने बीएसडी विकणाऱ्यांवर खटला भरला. १९९४ मध्ये तडजोड झाली, तेव्हा सुमारे १८,००० फायलींपैकी जेमतेम तीन काढाव्या लागल्या! तेवढ्या वेळात लिनक्स पुढे निघून गेलं होतं. ३८६बीएसडी आधी हाती आलं असतं तर लिनक्स बहुधा झालंच नसतं, असं खुद्द लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स म्हणाले आहेत.

जोलिट्झ यांच्याकडून दुरुस्त्या वेळेवर येईनात, म्हणून १९९३ मध्ये दोन गट वेगळे निघाले. नेटबीएसडीला शक्य तितक्या यंत्रांवर चालायचं होतं; फ्रीबीएसडीने साध्या पीसीवर जोर दिला. १९९४ च्या अखेरीस नेटबीएसडीच्या मंडळींनी आपल्यातल्याच थिओ डी राड्ट यांना कोअर टीममधून, म्हणजे प्रकल्प चालवणाऱ्या मुख्य गटातून, बाहेर काढलं. तक्रार त्यांच्या कोडबद्दल नव्हती, बोलण्या-वागण्याबद्दल होती. पुढच्याच वर्षी त्यांनी ओपनबीएसडी मांडलं. २००३ मध्ये मॅथ्यू डिलन फ्रीबीएसडीतून ड्रॅगनफ्लाय घेऊन निघाले. तिथे मात्र वाद खरोखरच तांत्रिक होता, अनेक प्रोसेसर एकत्र कसे राबवायचे याचा.

लिनक्सवाले काही कमी भांडत नाहीत. पण तिथे भांडण झालं तर नवा डिस्ट्रो (लिनक्सची तयार आवृत्ती) निघतो, कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा सगळ्यांचा एकच राहतो. बीएसडीत कर्नल, लायब्ररी, ‘एलएस’सारख्या कमांडसुद्धा एकाच रिपॉझिटरीत (कोडच्या कोठारात), त्यामुळे वाटणी झाली की अख्खी सिस्टीमच वेगळी होते. कारभाराच्या तऱ्हाही वेगळ्या. फ्रीबीएसडीत २००० पासून कमिटर मंडळी, म्हणजे कोडमध्ये थेट बदल करण्याचा अधिकार असलेले, मतदानाने कोअर टीम निवडतात. ओपनबीएसडीत शेवटचा शब्द थिओंचा. मला पहिली पद्धत जास्त पटते, पण सुरक्षेसारख्या कामाला दुसरीच मानवली असं दिसतं.

कारण हिंजवडीत रोज दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरताना जे एसएसएच वापरतात, ते बहुतेक ठिकाणी ओपनबीएसडीवाल्यांनी १९९९ मध्ये आणलेलं ओपनएसएसएच असतं. २०१४ मध्ये हार्टब्लीड या त्रुटीने ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची लक्तरं काढली, तेव्हा याच मंडळींनी त्या कोडची झाडाझडती घेऊन लिब्रेएसएसएल काढलं. मॅकच्या टर्मिनलवर ‘एसएसएच’पुढे डॅश आणि कॅपिटल व्ही मारून पाहा: ओपनएसएसएच आणि लिब्रेएसएसएल, दोन्ही नावं एकाच ओळीत येतात.