पागेराचा आकार

गोव्यातल्या दिवाडी बेटावर, मानशीवर (खाडीचं पाणी आतबाहेर सोडणाऱ्या दारापाशी) संध्याकाळी कुणी पागेर टाकताना दिसला की माझी स्कूटर आपोआप थांबते. खांद्यावर असतं तेव्हा ते जाळं म्हणजे नुसतं ओलं बोचकं. फेकलं की हवेत गोल उघडतं, कडेच्या शिशानं तळाला जातं आणि आत शेवटे असोत की काळुंदर, त्या माशांभोवती आवळतं. आता त्याचा खरा आकार कोणता म्हणायचा?

हायर सेकंडरीच्या वर्गात मात्र मी वर्षानुवर्षं फळ्यावर कुलूप-किल्लीच काढत आलो. रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरनं १८९४ साली विकरांसाठी (एन्झाइमांसाठी) दिलेली ती उपमा, विकर आणि त्याचं लक्ष्य कुलूप-किल्लीसारखे एकमेकांत बसतात ही, चुकीची नाही. पण तिच्यामुळे मुलांच्या (आणि माझ्याही) डोक्यात बसलं की प्रथिनाची घडी, म्हणजे त्याच्या साखळीला आलेला आकार, पक्की असेल तरच ते कामाचं. पेशीच्या केंद्रकात डोकावलं की ही समजूत डळमळते.

तिथं अडचण जागेची. आपल्या एका पेशीतला डीएनए सरळ ओढला तर सुमारे २ मीटर भरेल, आणि केंद्रक जेमतेम मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं. म्हणून डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. एका रिळात आठ हिस्टोन, त्यावर १४७ बेसजोड्यांचे (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांचे) पावणेदोनच्या आतबाहेर वेढे. या रिळांच्या माळेला क्रोमॅटिन म्हणतात. १९९७ साली झुरिकमधल्या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या मदतीनं रिळाचं बारीक तपशिलाचं चित्र मिळवलं. रीळ स्पष्ट आलं; बाहेर लोंबणाऱ्या हिस्टोनच्या शेपट्यांचा बराचसा भाग मात्र दिसेना. एका जागी थांबतील तर दिसतील ना!

पुस्तकं अशा भागांना 'अव्यवस्थित' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, 'सैल' म्हणावं. या सैल शेपट्यांवर धन भाराची लायसिनं (प्रथिनाच्या साखळीतलं एक अमिनो आम्ल) भरपूर, आणि डीएनएवर ऋण भार, म्हणून त्या त्याला चिकटतात. एखाद्या विकरानं लायसिनवर अॅसिटिल गट हा छोटा रासायनिक तुकडा चढवला की धन भार जातो, पकड ढिली होते, जनुक वाचायला मोकळं होऊ लागतं. याची चाहूल शास्त्रज्ञ व्हिन्सेंट ऑलफ्री आणि सहकाऱ्यांना १९६४ सालीच लागली होती. शेपटी सैल, म्हणूनच ही लायसिनं विकरांच्या हाताशी येतात.

सैल प्रथिन लक्ष्याला लांबूनच धरतं आणि मग घडी पडत पडत जवळ ओढलं जातं, ही कल्पना २००० साली मांडली गेली. तिला नाव मिळालं तेही मासेमारीचंच, गळ फेकण्याचं. हे नाव देणारे लोक आमच्याकडे आले असते तर पागेरच म्हणाले असते, असं मला उगाच वाटतं.

पण २०१८ साली पागेरही तोकडा पडला. रिळांमधला डीएनए बांधून ठेवणारा हिस्टोन एच-१ बराचसा सैल. धन-ऋण वजावट करून त्याच्यावर ५३ धन भार उरतात. त्याचा जोडीदार, प्रोथायमोसिन अल्फा नावाचं प्रथिन, तर नखशिखांत सैल, ४४ ऋण भारांचा. दोघं एकमेकांना विलक्षण घट्ट धरतात, तरी धरल्यावरही सैल भागांना घडी पडत नाही. मासा सापडूनही न आवळणारं जाळंच हे! अशा पकडीत तिसऱ्यालाही मध्ये शिरायला वाव असतो. त्यामुळेच रिळावर बसलेल्या एच-१ला प्रोथायमोसिन हळूच येऊन बिलगतं आणि डीएनएवरून सोडवून नेतं.