मँचेस्टरचा टॉमी डक्स: लँडलॉर्ड, पण मालक नाही

मँचेस्टरच्या ईस्ट स्ट्रीटवरचा टॉमी डक्स हा पब 1993 मध्ये पाडला. जुन्या गिऱ्हाइकांना त्यातल्या दोन गोष्टी हमखास आठवतात: छताला टाचलेल्या बायकांच्या चड्ड्या आणि टेबल म्हणून वापरलेली शवपेटी. नावाची कथाही त्याच थाटाची. लँडलॉर्डचं आडनाव डकवर्थ, रंगाऱ्याला पाटीवर जागा पुरेना, म्हणून ‘डक्स’वर भागवलं. दंतकथा म्हणूनच घ्यावी.

खरा घोळ ‘लँडलॉर्ड’ या शब्दाचा आहे. आपण ऐकताच घरमालक समजतो. इंग्लंडातल्या पबात अर्थ जवळजवळ उलटा. काउंटरमागे उभा राहणारा, तळघरात पिंपं बदलणारा, भांडणं सोडवणारा, बिऱ्हाड वरच्या मजल्यावर थाटणारा तो लँडलॉर्ड; वास्तू मात्र पूर्वी बहुतेक वेळा बिअर कंपनीची. आपल्याकडे बार ‘चालवायला घेतात’, तसंच काहीसं. फरक इतकाच की भाड्याबरोबर बिअरही त्याच कंपनीकडून घ्यायची, ती सांगेल त्या भावाने. दारावर परवानाधारक म्हणून नाव याचं, इमारतीच्या कागदावर दुसऱ्याचं.

बिअर कंपन्यांची ही मिठी सैल करायला 1989 मध्ये ब्रिटिश सरकारने हुकूम काढला. ज्या बिअर कंपन्यांकडे 2000 हून जास्त पब होते, त्यांनी 2000 च्या वर असलेल्या पबांपैकी निम्मे नोव्हेंबर 1992 पर्यंत या बंधनातून सोडायचे होते. कंपन्यांनी सरळ पब विकले. घेणारे बिअर बनवतच नव्हते, त्यामुळे हुकूम त्यांना लागू होईना आणि चालवणाऱ्याच्या गळ्यातला फास जिथल्या तिथे. काहींनी उलट केलं: कारखाना बंद, पब आपल्याकडेच. टॉमी डक्सची मालक कंपनी यातली. तिने 1991 मध्ये बिअर बनवणं थांबवलं. उरला तो जमीनजुमला, आणि माझ्या मते पुढचं सगळं तिथेच ठरलं.

इमारतीला संरक्षण देणारा तात्पुरता आदेश होता. त्याची मुदत संपली आणि नवा निघायच्या आत, रात्रीतून, पब जमीनदोस्त. पाडणारी मालक कंपनीच. पुढे दंड झाला, पण विटा तोवर उचललेल्या होत्या.

पाचशे किंवा त्याहून अधिक बांधील पब (म्हणजे बिअर मालक कंपनीकडूनच घ्यावी लागणारे) असलेल्या कंपन्यांच्या भाडेकरूंना नुसतं बाजारभावाचं भाडं देऊन बिअर कुठूनही घेण्याचा हक्क मिळायला 2016 उजाडलं.