पायथॉन ३ : पूर्णांकांतील बदल

पायथॉन या संगणकीय भाषेची ३.० ही आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी आली आणि तिने पूर्णांकांची जुनी रीत मोडली. पायथॉन २ मध्ये पूर्णांकाचे दोन प्रकार होते : ‘इंट’ आणि ‘लाँग’. ३२ बिटांच्या यंत्रावर इंटची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७. २.२ आवृत्तीपूर्वी ती ओलांडली की गणित चूक दाखवून थांबे. नंतर उत्तर आपोआप लाँगमध्ये जाऊ लागले.

पैठणच्या जायकवाडी धरणाची एकूण साठवण क्षमता २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर) आहे. मराठवाड्यात पाणी दलघमीत बोलले जाते तोवर इंट पुरतो. लिटर केले की २,९०,९०० कोटी होतात आणि इंटची ती मर्यादा ओलांडते. पायथॉन ३ मध्ये एकच इंट उरला. मेमरी पुरेल तेवढी मोठी संख्या त्यात मावते.

खरा कस भागाकारात लागतो. समजा, तालुक्यातील तीन महसूल मंडळांत ६२, ४१ आणि ५८ मिलिमीटर पाऊस पडला. बेरीज १६१. तिला ३ ने भागल्यावर पायथॉन २ सरासरी ५३ सांगे. पायथॉन ३ सुमारे ५३.६७ सांगते. जुन्या रीतीत अपूर्णांक गळे आणि चूक झाल्याची सूचनाही येत नसे. मिलिमीटरचा हिशेब ठेवणाऱ्या मुलखात ही गळती लहान म्हणता येत नाही. पूर्णांकीच भागाकार हवा असेल तर दोन तिरप्या रेघा (//) द्याव्या लागतात. मात्र तो नेहमी खालच्या पूर्णांकाकडे झुकतो : उणे ७ ला २ ने भागले तर उत्तर उणे ४ येते, उणे ३ नव्हे. नवशिके इथे हमखास फसतात.

आधीच्या शून्याचा अर्थही बदलला. छत्रपती संभाजीनगरचा दूरध्वनी संकेतांक ०२४० आहे. तो प्रोग्राममध्ये संख्या म्हणून लिहिला तर पायथॉन २ त्याला अष्टमान (आठाच्या पटीत मोजण्याच्या) पद्धतीचा समजून १६० करी. पायथॉन ३ ती ओळ चालवायलाच नकार देते. असे संकेतांक मुळात मजकूर म्हणूनच साठवावेत.

३.६ पासून अंकांमध्ये अधोरेषा चालते. ती तीन-तीन अंकांनीच द्यावी असे बंधन नाही, त्यामुळे लाख-कोटींची आपली मांडणी १_००_००_००० अशी करता येते. २०२२ मध्ये ३.११ आवृत्तीने मजकूर आणि दशमान पूर्णांक यांच्यातील रूपांतरावर ४,३०० अंकांची पूर्वनिर्धारित मर्यादा घातली. प्रचंड आकडे पाठवून सर्व्हर अडकवण्याचा धोका त्यामागे होता. नुसत्या आकडेमोडीला ती लागू नाही.

मराठी नोंदवहीतून मजकूर म्हणून आलेला ‘६२’ हा आकडा इंट फंक्शन बिनचूक वाचते. प्रोग्रामच्या ओळीत थेट लिहायची संख्या मात्र इंग्रजी अंकांतच लिहावी लागते.